पाच दिवसांचा डबा

आजोबांनी डबा उघडला. सकाळी भरला होता तसाच होता. अंड्याचा एक लचका तेवढा तुटलेला.

"चिमणे, हे काय गं?"

"भूक नव्हती," नात म्हणाली आणि बुटांचे बंद सोडण्यात गुंतली.

सुनेने बसची किल्ली खिळ्याला अडकवली. शाळेची बस तीच चालवायची आणि चिमणी तिच्याच बसने जायची-यायची. "बाबा, मी म्हटलं होतं ना. माझा डबा मी करतेच, त्यात हिचाही होईल. तुम्ही आराम करा."

आराम हा शब्द आजोबांना झोंबला. तीस वर्षं त्यांनी लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याच्या खानावळीत तीनशे माणसांना जेवू घातलं होतं. भट्टीपुढे घामाने निथळणारे गडी त्यांच्या हातचं खाऊन ताटं चाटूनपुसून ठेवायचे. आणि आता सात वर्षांची पोर त्यांचं अन्न परत पाठवत होती.

बायको गेल्यावर ते इथे आले, त्याला दोन महिने झाले होते. मुलगा जहाजावर. सून कशाला हात लावू देत नसे. दिवसभर खिडकीत बसून माणसाने करायचं तरी काय?

"पैज लाव," ते म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार. पाचही दिवस डबा रिकामा आला, तर डब्याचं खातं कायमचं माझं. एक घास जरी उरला, तर शनिवारच्या गाडीने मी माझ्या घरी. बसून खाणारा म्हातारा मला व्हायचं नाही."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"कुलूप आहे."

 सून कोरडेपणाने म्हणाली, "बरं. लागली पैज. मागाहून रडायचं नाही हं."

आजोबांनी खाटेखालची पिशवी ओढून धूळ झटकली आणि दाराशी ठेवली. मग ते तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले.

"पोरांना जेवायला नका देऊ," शिंपी मशीन चालवता चालवता म्हणाला. "खेळायला द्या. आपोआप खातील." आणि त्याने बोटात घालायची आपली जुनी धातूची टोपी त्यांना दिली. तिने चीजचे आणि गाजराचे इवलेसे गोल डोळे छान कापले जात.

सोमवारी आजोबा पाचाच्या आधी उठले. पालक आणि बटाटा एकत्र कुस्करून त्यांनी साळिंदर केला, पाठीवर गाजराचे काटे खोवले. अंड्याची होडी, काकडीची चाकं. शेवटी कारखान्यात करायचे तसं सगळ्यावर मीठ पेरलं आणि झाकण लावलं. मग ते दोनदा उघडून पाहिलं. तीनशे ताटं वाढताना असं कधी केलं नव्हतं.

दुपारी तीनपासून ते दारात उभे. बसचा भोंगा वाजला. चिमणी आईच्या पुढे जिना चढून आली आणि त्यांनी तिच्या पाठीवरचं दप्तर अक्षरशः ओढून घेतलं.

डबा रिकामा! एक काटासुद्धा नव्हता.

"साळिंदर कसा होता?"

"मस्त!" चिमणी आईकडे बघत म्हणाली.

आजोबा चपला न घालताच खाली धावले आणि रिकामा डबा शिंप्याच्या नाकासमोर धरला. "बघ! हे बघ! हात गेलेला नाही माझा!"

"एका दिवसाने हुरळून जाऊ नका," ते वर आल्यावर सून म्हणाली. ती नळाशी उभी राहून पाणी पीत होती.

मंगळवारी पावाचं घर गेलं. बुधवारी घुबड गेलं, मक्याच्या दाण्यांच्या पंखांसकट. आजोबांना आता दिवस पुरेनात. ते भाजीवाल्याकडे जाऊन वाकडी काकडी मागत, कारण वाकड्या काकडीची मगर चांगली होते. जिन्यात भेटेल त्याला उद्याचा बेत सांगत.

सून मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. रात्री ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची. हरायची वेळ आली की अन्न गोड लागत नाही, आजोबा मनातल्या मनात हसले.

गुरुवारी रात्री ती हळूच म्हणाली, "बाबा, उद्या जरा कमीच भरा. केवढीशी पोर ती."

"घाबरलीस ना?" आजोबांनी टाळी वाजवली. "उद्या तर दोन कप्पे भरतो!"

आणि भरले. एकात मगर, दुसऱ्यात मटारांनी भरलेली टोमॅटोची टोपली.

शुक्रवारी ते दारात थांबलेच नाहीत, थेट रस्त्यावर बस थांबते तिथे जाऊन उभे राहिले. चिमणी उतरताच त्यांनी तिथेच डबा उघडला. दोन्ही कप्पे लख्ख. आजोबांनी नातीला उचलून गरकन फिरवलं. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत बाजूने गेला.

"हरले बाई मी," सून स्टिअरिंगमागून म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. "डबा तुमचा. कायमचा."

घरी येऊन आजोबांनी दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि सोमवारची आगगाडी कागदावर काढायला बसले.

सोमवारी मधल्या सुट्टीत चिमणी शाळेमागे उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये चढली. आजोबांचा डबा तिने रोजच्यासारखा आईच्या मांडीवर ठेवला, आईचा डबा घेतला आणि पटापट खाऊ लागली. "आई, पैज तर संपली ना? मग आता सांगू या का त्यांना, खूप खारट होतं म्हणून?" "खबरदार!" आई म्हणाली आणि तिने आगगाडीच्या इंजिनापासून खायला सुरुवात केली.