चुगलखोर रंग

बाबांनी बल्बची वायर ओढत आणली, बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवला आणि डोळे बारीक केले. पोरगी रोलर हातात धरून मागे उभी होती.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं रंगवलेला माणूस. असा आडवा उजेड टाकला की भिंत सगळं कबूल करते, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. रोलरचा पट्टा, पुट्टीचा उंचवटा, घाईत मारलेला रंगाचा दुसरा हात, काही म्हणजे काही लपत नाही. 'छान' हा शब्द मात्र त्यांनी आजवर कुणाच्याच भिंतीला दिला नव्हता. फारच खूश झाले तर 'चालेल'.

आणि पोरीने रंगवलेली ही घरातली भिंत तर फिरोजी! "अगं, फिका रंग चार चुका पोटात घालतो," ते आठवडाभर कुरकुरत होते. "हा चुगलखोर रंग आहे. कशाला विषाची परीक्षा?" पण पोरगी हट्टाला पेटली होती. शेजारच्या काकू आज भिंत बघायला येणार होत्या. पसंत पडली तर त्यांचं अख्खं घर तिला रंगवायला मिळणार होतं. तिचं एकटीचं पहिलं काम.

बल्ब या टोकापासून त्या टोकाला गेला. परत आला. पोरीला वाटलं, अहो, शिव्या द्या हवं तर, पण बोला एकदाचं!

"चौकटीची रेघ राहिलीय," ते म्हणाले. "आण तो ब्रश."

दाराच्या पांढऱ्या चौकटीला लागून वीतभर भिंत बाकी होती खरी. ही रेघ म्हणजे बाबांची खासियत. कडेला चिकटपट्टी न लावता, एका दमात, दोरीसारखी सरळ. पण ते दोन वर्षांपूर्वीचं. हल्ली चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरत. आता नाही कसं म्हणायचं? तिने ब्रश दिला.

ब्रश टेकला आणि थरथरला. फिरोजी रंग पांढऱ्या चौकटीवर वाकडातिकडा चढला. बाबा त्या रेघेकडे नुसते बघत राहिले. तिने पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात काकू दारात.

"अगंबाई! काय उठून दिसतोय रंग! घर नुसतं हसतंय की." मग त्यांची नजर चौकटीवर गेली. "आणि हे गं काय? इथे घसरलीस वाटतं?"

"हो काकू, माझाच हात हलला," ती पटकन बोलून गेली. काम गेलं तर गेलं.

"खोटं बोलतेय," बाबा म्हणाले. "अख्खी भिंत तिची. बल्ब लावून पाहिली, एक चूक सापडली नाही. शोधली नाही असं समजू नका, जिवाचा आटापिटा केला! छान झालीय. ती वीतभर रेघ तेवढी माझी."

पोरीला समोरचं काही दिसेना. फडकं हातात तसंच राहिलं.

काकूंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "मग माझ्याकडे कामाला कोण येणार? तुम्ही, की ही?"

"ही," बाबांनी ब्रश तिच्या हातात दिला. "मीही येईन. बल्ब धरायला."