चाळीसवर

"दाब की!" हणमंत मेस्त्री ओरडला. मागच्या सीटवर, त्याच्या मांडीवर, साप चावलेली बायको मान टाकत होती.

"पाय पार तळाला टेकलाय, मेस्त्री! गाडी चाळीसच्या पुढं जाईना," जीप चालवणारा दस्तगीर रडकुंडीला आला.

हणमंतनं मान उंचावून वेगाच्या काट्याकडं बघितलं. गेल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दस्तगीर सगळ्यांदेखत बोलला होता, "मेस्त्रीच्या हाताला गुण नाही." लोक खो-खो हसले होते. मग काल पासिंगसाठी हीच जीप गॅरेजला आली, तेव्हा हणमंतनं वेगाला लगाम घालणारा स्पीड गव्हर्नर ऐंशीऐवजी चाळीसवर लावला आणि वर सील ठोकलं. पळव म्हणावं आता बैलगाडी!

ते सील काढायचं सामान मागं गॅरेजात राहिलं होतं. रस्त्याला दुसरी गाडी नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघून नकारार्थी मान हलवली. दस्तगीरनं रडत हात जोडले. "माझ्या गाडीनं घात केला, मेस्त्री."

भोवती माणसं जमली होती. हणमंतनं त्याला छातीशी धरलं.

"जा, माफ केलं तुला," तो म्हणाला. "उद्या गाडी गॅरेजला लाव. बघतो काय झालंय."