आभाळातलं कोकरू

आमी जतची मेंढरंवाली माणसं. दरसाल कुंडलला धैर्यशील पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो, आन दरसाल पाटील जत्रंला कापाय एक कोकरू न इचारताच उचलतो. गेल्या साली माझ्या बायकूनं, दगडाबाईनं, बाटलीवर वाढवलेलं पोरकं कोकरू नेलं. चार दिस तिनं तोंडात घास घेतला न्हाई.

औंदा आमच्या माळाव आभाळातनं एक गोळा पडला. फुटला तर आत दोन कोकरं, लय गुबगुबीत. थोरल्याची म्हैन्याभरात लोकर गळाली, आतनं पंखाचं जनावर निघालं, आन आमचं सामानाचं घोडं आख्खं गिळून, आलं तसं आभाळात गेलं.

धाकटं दगडाबाईनं कुंडलला आणलं. गळ्यात घंटी बांधून म्होरंच उभं केलं.

पाटील हसला, "औंदा माल झ्याक हाय की गं!"

"न्या की पाटील. तुमच्यासाठीच राखलंय."

आज सकाळी पाटलाचा फोन आला. "दगडाबाई, ह्याची लोकर गळाय लागलीया. आजारी हाय काय गं?"

 

"न्हाई वो, भूक लागली आसंल. जवळ घ्या, आन बाटलीनं पाजा."