पाच वाजून दोन मिनिटं

पाचला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला आणि नाव बघून इल्झेनं तो झटकन उचलला. नॉर्बर्ट होते.

“मॅडम, आमच्या राजधानीतून हुकूम आलाय. निवेदनाला हरकत घ्यायची. लिहायला बसलोय. आयत्या वेळी तुम्हाला धक्का नको, म्हणून कळवलं.”

“अहो, पण एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे!”

“मॅडम, मी नोकर माणूस,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नॉर्बर्ट हे एका देशाचे ब्रसेल्समधले प्रतिनिधी. कुठल्या देशाचे ते सांगत नाही. युरोपीय संघाचे सत्तावीस देश इथे एका टेबलाभोवती बसतात, उगाच कुणाच्या शेपटीवर पाय कशाला?

संघाच्या कचेरीत निवेदनं काढायचं काम इल्झेकडे होतं. तिच्या समोर मदीना बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिची धाकटी बहीण रुशाना शाळेत शिकवायची. निवडणुकीच्या मोजणीत खोट्या आकड्यांवर तिनं सही केली नाही, म्हणून सात महिने ती तुरुंगात होती. उद्या सकाळी तिच्या खटल्याचा निकाल. युरोपच्या निवेदनात ज्याचं नाव येतं त्याच्यावर त्यांच्या देशातले शिपाई हात टाकत नाहीत, हे मदीनाच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ते नाव यावं, एवढ्यासाठी ती दोन विमानं बदलून आली होती.

निवेदन सकाळीच सगळ्या देशांकडे गेलं होतं. इथली रीत अशी, की पाच वाजेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांचा होकार धरायचा. एकानं जरी घेतली, तरी पुन्हा बैठक आणि पुन्हा काथ्याकूट. तोवर निकाल लागलेला असणार.

“म्हणजे सगळे गप्प बसले पाहिजेत?” मदीनानं दुपारीच विचारलं होतं. “कमाल आहे तुमची! आमच्याकडे सगळे गप्प बसले म्हणून तर रुशाना आत गेली.”

आता मात्र तिनं इल्झेचा चेहरा वाचला. “कुणीतरी बोलणार आहे ना, पोरी?”

“हो.”

“त्याला आणखी एकदा सांगून बघ.”

“उपयोग नाही. त्यांना इथे सगळे घड्याळ म्हणतात. अकरा वर्षांत त्यांचा एक कागद उशिरा आलेला नाही.”

इल्झेला हे चांगलंच ठाऊक होतं. मार्चमध्ये दुसऱ्या एका देशाची हरकत तीन मिनिटं उशिरा आली होती. ती घेऊन टाकावी, असं इल्झेचं मत. तेव्हा भर बैठकीत टेबलावर थाप मारून नॉर्बर्ट म्हणाले होते, “पाच म्हणजे पाच! नाहीतर घड्याळं उतरवून ठेवा सगळी.” ती हरकत फेटाळावी लागली होती.

पाचला तीन मिनिटं कमी असताना संगणक टिणकन वाजला. मदीना उभीच राहिली. कुणाची तरी निळी छत्री बैठकीच्या खोलीत राहिली होती, कुणाला सापडली का, अशी चौकशी होती. इल्झेनं त्या छत्रीवाल्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

पाच वाजले. काही आलं नाही. पाच वाजून एक मिनिट झालं. दोघी पडद्याकडे बघत होत्या. मग टिणकन आवाज झाला. नॉर्बर्टच. तीन ओळी, खाली सही. स्पष्ट हरकत.

“संपलं?” मदीनानं विचारलं.

इल्झेनं पत्राची वेळ दोनदा वाचली आणि फोन लावला.

“नॉर्बर्ट, तुमची हरकत पाच वाजून दोन मिनिटांनी आलीय.”

“अरेरे,” ते म्हणाले. “म्हणजे वेळ टळली म्हणायची.”

“टळली.”

“मग आता मी कुठल्या तोंडानं भांडू? मार्चमध्ये मीच टेबल बडवलं होतं. एक करा मॅडम. नकाराचं पत्र पाठवा, चांगलं खरमरीत. मला वर दाखवायला लागेल. वेळ मोठ्या अक्षरात लिहा.”

इल्झेनं आयुष्यात इतक्या आनंदानं कुणाला झापलं नव्हतं. ते पत्र रवाना केलं आणि पाठोपाठ निवेदन जाहीर केलं. तिसऱ्या परिच्छेदात रुशानाचं पूर्ण नाव होतं. मदीनानं ते फोनवर पाहिलं, बोटानं मोठं करून पाहिलं आणि खुर्चीत बसून घळाघळा रडली. मग पिशवीतून घरचे सुके जर्दाळू काढून तिनं मूठभर इल्झेच्या हातात कोंबले. खरंच, छातीवरचा धोंडा उतरला होता. दोघींच्याही.

“त्या माणसाला भेटव मला.”

इल्झे खिडकीशी गेली. समोरच्या बसथांब्यावर करड्या कोटातले नॉर्बर्ट दोन सहकाऱ्यांबरोबर उभे होते. “ते बघा. पण आभार मानायचे नाहीत हं, मदीना. कुणाच्या कानावर गेलं तर त्यांची नोकरी गेलीच म्हणून समजा. ओळखसुद्धा दाखवू नका.”

“कळलं गं. एवढी खुळी नाही मी.”

मदीना खाली उतरली, रस्ता ओलांडून थांब्यावर गेली आणि करड्या कोटाशेजारी उभी राहिली. बस दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, “किती वाजले हो?”

नॉर्बर्टनी बाही मागे सारली. “पाच वाजून चोवीस मिनिटं. अगदी बरोबर. माझं घड्याळ एक मिनिटही मागे पडत नाही.”

“फार आभारी आहे,” मदीना म्हणाली, चांगलं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वेळ सांगणाऱ्याचे आभार मानायला कुणाची हरकत असणार?