पाण्यातली माणसं

"हे कुणाचं?" असं म्हणत मार्लिसनं काचेचं भांडं उपडं केलं आणि सवयीनं बुडाचं नाव मोठ्यानं वाचलं. "लव्हॉन बाक्केन."

नळाखालचे हात थांबले. लव्हॉनबाईंना तर आम्ही सकाळीच मातीत ठेवून आलो होतो.

चर्चच्या तळघरातलं जेवण नुकतंच आटोपलं होतं. दफनाच्या जेवणाला प्रत्येकीनं घरून काहीतरी भाजून आणायचं, भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं आणि शेवटी मार्लिसनं एकेक भांडं उलटं करून नाव पुकारायचं, अशी आमच्याकडची रीत. गेली तीस वर्षं तीच पुकारते. आजवर कुणाचं भांडं कुणाच्या घरी गेलेलं नाही.

"मी आणलंय," कोपऱ्यातून आर्डेन म्हणाला. "म्हणजे भांडं त्यांचंच. आतलं माझं."

आर्डेन म्हणजे आमच्या गावचा पळणारा. अठ्ठावन्न वर्षांचा, एकटा, काटकुळा. बर्फ पडो नाहीतर गारा, हा आपला रस्त्यावर. रविवारी आम्ही प्रार्थनेला निघालो की हा समोरून पळत यायचा आणि हात करून पुढं जायचा. देवाधर्माशी त्याचं काही भांडण नव्हतं, पण रविवार लांब पळायचा, एवढंच. बुधवारी मात्र सहा मैल झाले की तो लव्हॉनबाईंच्या दारात थांबे. त्यांची नजर गेलेली होती. घाम पुसत तो त्यांना पवित्र शास्त्रातलं पानभर वाचून दाखवी. त्या त्याला पोटभर खाऊ घालत, आणि वर खिमा-बटाट्याचं एक भांडं भरून बरोबर देत. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यालाही कळत होतं, म्हणून आज त्यानं त्यात चीज घालून मॅकरोनी भाजून आणली होती. कडेला करपली होती. बुडाची जुनी पट्टी काढायचं काही त्याला सुचलं नाही.

मार्लिस ती पट्टी नखानं सोलायला लागली, तर तो राहू दे म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, मी नव्हतो त्या बुधवारी बाईंना वाचून दाखवलंस ना?

त्याच्या मनात काय सलत होतं ते आम्हाला ठाऊक होतं, कारण लव्हॉनबाईंनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. समुद्रकाठच्या एका मोठ्या शर्यतीला जायच्या आधीच्या बुधवारी दोघं वादळात सापडलेल्या जहाजापर्यंत आले होते. जहाजावर शेकडो माणसं, चौदा दिवस पोटात अन्न नाही, आणि त्यांच्यातल्या कैदी प्रेषितानं नुकतीच भाकर मोडून सगळ्यांना खायला लावली होती. तिथंच आर्डेन उठला. पाय गार पडायला लागले होते, आणि त्या आठवड्यात पायांपुढं त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, अरे, माणसं पाण्यात सोडून कुठं निघालास, थोडंच तर राहिलंय. त्यावर हा म्हणाला, दोन हजार वर्षं थांबलेत, आणखी एक आठवडा थांबतील.

रविवारची शर्यत झकास झाली. इतकी, की मंगळवारी परतायचं सोडून तो समुद्रकाठी आणखी चार दिवस राहिला, खेकडे खात. मार्लिसला फोन केला होता, या बुधवारी तू जा म्हणून. गुरुवारी पहाटे लव्हॉनबाई गेल्या.

मार्लिसनं भांडं खाली ठेवलं. खरं सांगावं की नको, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खोटं तिला कधी जमलं नाही.

"गेले होते मी. पुस्तक उघडलं, तुझी खुणेची फीत होती तिथंच. तर त्यांनी पानावर हात ठेवला. म्हणाल्या, हे आर्डेनचं आहे, त्याला येऊ दे. मी म्हटलं, अहो, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, कशाला थांबायचं?"

"मग?"

"म्हणाल्या, मला पाठ आहे गं. पण ती पाण्यातली माणसं वाचतात की नाही, हे त्याला कुठं ठाऊक आहे?"

आजवर आर्डेनला वाटत होतं, तीन वर्षं आपण एका आंधळ्या बाईसाठी वाचतो आहोत.

बाईंच्या फोटोशेजारी त्यांचा जुना चष्मा, विणकाम आणि ते जाड पुस्तक मांडून ठेवलं होतं. मार्लिसनं हात पुसले, पुस्तक आणून त्याच्यापुढं धरलं आणि वाच म्हणाली. त्यानं फीत बाजूला केली. सुरुवात करताना त्याचा अंगठा मनगटावरच्या घड्याळाकडं गेला आणि वेळ मोजायचं बटण दाबलं गेलं. पळणाऱ्याची सवय, दुसरं काय.

तो उभ्यानंच वाचत होता. जहाज वाळूत रुतलं, मागची बाजू लाटांनी फुटली. पोहता येणाऱ्यांनी उड्या टाकल्या, बाकीच्यांनी फळ्या धरल्या, ज्याच्या हाताला जो तुकडा लागला तो. एकूण एक माणूस काठाला लागला. शेवटची ओळ त्यानं पुन्हा एकदा वाचली.

मग पुस्तक मिटून त्यानं घड्याळ थांबवलं आणि आकडा बघितला.

"एक मिनिट दहा सेकंद," तो मार्लिसला म्हणाला. "एवढंच राहिलं होतं."