इंजिनातला चमचा

कुरणे सरांनी जुनी गाडी घेतली तेव्हा ती दोन लाख किलोमीटर पळालेली होती, आणि इंजिनाच्या कडेला एक स्टीलचा चमचा अडकलेला होता. तो कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांच्या ऐपतीतल्या पहिल्या गॅरेजवाल्याने तो पडू नये म्हणून तारेने बांधला. दुसऱ्याने वर टेप गुंडाळली. बजावलं मात्र दोघांनीही, "सर, कुणीतरी जाणकारानं लावलाय. हात लावू नका."

सरांना राहवत नव्हतं. पण त्यांच्या पत्नीने, बाईंनी, घरी सांगून ठेवलं होतं, "आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर थेट भंगारात."

शेवटी सरांनी आधीच्या मालकाचा मेकॅनिक जयसिंगपुरात शोधून काढला. बाबालाल मिस्त्रींनी टेप सोडली, तार कापली, चमचा शर्टाला पुसून उजेडात धरला.

"माझ्या डब्यातला आहे. चार वर्षं शोधतोय."

गाडी चमच्याशिवाय पहिल्या झटक्यात सुरू झाली. तरी सर गिअर टाकेनात.

"मिस्त्री, घरी पोचेपर्यंत तेवढा राहू द्या की."

"आणि मी आमटी कशानं खाऊ?"

सर कानात प्राण आणून घरी पोचले. गाडी कुठेही बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पोह्यांच्या बशा मांडून विचारत होत्या, "अहो, पाचच चमचे कसे?"

सर अंगणात हलक्या हाताने बॉनेट लावत होते.