शेवटचे जोड

म्हाताऱ्याने टाचेत खिळा ठोकायला हातोडी उचलली, तोच पडदा सरकवून मुलगा आत डोकावला.

“बाबा, आवाज नको. गिऱ्हाईक आलंय.”

“बुटांच्या दुकानात ठोकाठोकी ऐकून गिऱ्हाईक पळतं की काय?”

“तुमची ऐकली तर पळतं.”

भिंतीला टेकून जाहिरातीचे नवे फलक उभे होते, छापखान्यातून सकाळीच आलेले. त्यांवर म्हाताऱ्याचे दोन हात, आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘या हातांचे शेवटचे जोड’. पहिला फलक लागला आणि दुकानात माशा मारत बसायचे दिवस संपले. म्हाताऱ्याचं तळ्याकाठी फिरणंही संपलं. अजून तो तळ्याला सहज वळसा घालून आला असता; तेच कुणाला दिसायला नको होतं.

“अरे, मी ठणठणीत आहे,” तो हळूच म्हणाला. “हे सोंग कुठवर आणायचं?”

“जाहिरात हा खर्च नसतो बाबा, गुंतवणूक असते. राहतं घर लावलंय तिच्यावर. अर्ध्यात सोडली तर आपण सगळे रस्त्यावर.”

सून शाल घेऊन आली. “मामंजी, आजारी माणसाचे लाड तरी करून घ्या.”

“अगं, या लाडांनीच मरेन एखाद दिवशी.”

ती हसली. मुलगा हसला नाही. तो फलकाकडे बघत होता.

बाहेरून हाक आली तसा तो दुकानात गेला. पडदा अर्धवटच राहिला. गिऱ्हाईक बूट उलटासुलटा करून बघत होतं.

“माल झकास आहे. पण शेवटचा म्हणून मी दुप्पट मोजायचे, आणि पुढच्या वर्षी तुमचे वडील पुन्हा हातोडी घेऊन हजर. एकदा तोंड पोळलंय माझं.”

“तसं होणार नाही.”

“गॅरंटी देता?”

आत म्हाताऱ्याला वाटलं, आता पोरगा एखादी थाप मारील, हसण्यावारी नेईल. थापा मारण्यात तो लहानपणापासून पटाईत.

मुलाने वळून अर्धवट पडद्याकडे पाहिलं.

“देतो,” तो म्हणाला.

“मग दोन जोड बांधा.”

सुनेने म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल नीट केली आणि त्याच्या हातातली हातोडी अलगद काढून घेतली.